‘जो स्वतःला मदत करतो, त्यालाच देव मदत करतो’ हे बायबलचं वचन नाही

अमेरिकेत असंख्य लोक, अगदी नियमित चर्चला जाणारेही, हे वाक्य बायबलचं म्हणून छातीठोकपणे सांगतात. बायबलमध्ये ते कुठेही नाही. कल्पना जुनी, इसापच्या गोष्टीतली: गाडी चिखलात रुतल्यावर धावा करणाऱ्या गाडीवानाला हर्क्युलिस हा बलवान ग्रीक देव आधी चाकाला खांदा लावायला सांगतो. इंग्रजीत हे वाक्य अल्जर्नन सिडनी या इंग्रज राजकीय विचारवंताच्या १६९८ मध्ये छापलेल्या राजकीय ग्रंथात आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ च्या आपल्या पंचांगात ते घेतलं.

खचलेल्या माणसाला हेच वाक्य देवाच्या नावानं ऐकवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण बायबलचा सूर वेगळाच आहे. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आज्ञा आहे: शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, गळालेली द्राक्षं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. बायबलमधल्याच एका गोष्टीत विधवा रूथ बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात असंच सातू वेचते. वेचण्याचे कष्ट तिचेच, पण घेणाऱ्याची लायकी तपासा, असं ती आज्ञा म्हणत नाही. आणि ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो, आपण दुर्बळ होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला.