बॉक्सवर ‘गिफ्ट’ लिहिलं की कस्टम माफ?

मालवण-देवगडकडच्या गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्या मंडळींत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: अमेरिकेतून रीळ मागवताना पार्सल फॉरवर्ड करणाऱ्याला (तिकडे माल घेऊन इकडे पाठवणाऱ्या कंपनीला) ‘गिफ्ट’ लिहायला सांगा, किंमत पाच हजारांच्या आत दाखवा, कस्टम लागत नाही.

हे हवेतून आलेलं नाही. पाच हजारांपर्यंतच्या खऱ्या भेटींना सवलत होती. डिसेंबर 2019 मध्ये ती बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. म्हणजे नारळी पौर्णिमेला बहिणीची राखी बिनशुल्क येऊ शकते, सोबतचं घड्याळ नाही.

शिवाय स्वतः पैसे भरून घेतलेली वस्तू तेव्हाही भेट नव्हतीच. फॉरवर्डिंगवाला फक्त तिकडचा पत्ता देतो. खरेदीदार तुम्हीच, केवायसीही तुमचंच. शुल्क नुसत्या वस्तूवर नाही, भाडं आणि विमा धरून येणाऱ्या किमतीवर लागतं. किंमत कमी दाखवली तर माल अडकतो, दंड होतो. आणि रीळ वाटेत फुटलं तर भरपाई सहसा दाखवलेल्या किमतीपुरतीच.

पडताळायचं असेल तर आधी शुल्क भरून पार्सल सोडवलेल्या कुणाकडून बिल ऑफ एंट्री (आयातीसाठी कस्टमकडे भरलेला कागद) मागून बघा. धरलेली किंमत, एचएसएन कोड (वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक), शुल्क, सगळं त्यात असतं. तोच कोड घेऊन कस्टमच्या संकेतस्थळावर चालू दर पाहता येतो.

खरी बचत खोक्यात आहे. 40×30×20 सेंमीच्या खोक्यात किलोभर रीळ आलं, तरी कुरिअर बहुधा लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला 5000 ने भागून 4.8 किलोचं भाडं लावतो. खोकं लहान करून मागा. ते कायदेशीर आहे.