जावातील बहुमॉड्यूल बिल्ड

अनेक मॉड्यूलांत, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागांत, विभागलेला जावा प्रकल्प एकाच आज्ञेने, परस्परावलंबनाच्या क्रमाने कंपाइल करण्याची पद्धत. मेव्हन आणि ग्रेडल ही यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी बिल्ड साधने. मेव्हनच्या लेखी मॉड्यूल म्हणजे स्वतःची पॉम फाइल (प्रकल्पाचे वर्णन आणि अवलंबने नोंदवणारी फाइल) असलेला उपप्रकल्प. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ ने भाषेत आणलेले, ‘मॉड्यूल-इन्फो’ फाइलने जाहीर होणारे मॉड्यूल वेगळे. एका उपप्रकल्पात असे एक मॉड्यूल ठेवणे हा रूढ मार्ग, पण सक्ती नाही.

मेव्हनमध्ये मूळ पॉममध्ये उपप्रकल्पांची यादी असते. ‘रिअ‍ॅक्टर’ हा भाग सगळ्या पॉम वाचून कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहतो आणि क्रम लावतो. यादीतला क्रम फक्त जिथे अवलंबन नाही तिथेच पाळला जातो. दोन मॉड्यूल एकमेकांवर अवलंबून असतील तर बिल्ड सुरूच होत नाही. अशा वेळी सामाईक कोड तिसऱ्या मॉड्यूलमध्ये काढणे हा सहसा खरा उपाय.

नेहमीची फसगत वेगळीच असते. उपप्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन तेवढाच बिल्ड केला, तर रिअ‍ॅक्टरला शेजारचे मॉड्यूल दिसत नाहीत आणि स्थानिक रिपॉझिटरीत (आपल्या संगणकावरच्या साठ्यात) पडून असलेली जुनी जार (कंपाइल केलेल्या कोडची एकत्रित फाइल) उचलली जाते. कोड बदलूनही परिणाम दिसत नाही, तो यामुळे. त्याऐवजी मूळ फोल्डरमधून हवे ते मॉड्यूल निवडून, ‘त्याला लागणारेही बिल्ड कर’ हा पर्याय जोडावा.

जावाचा कंपायलर स्वतः अनेक मॉड्यूल एका फटक्यात कंपाइल करू शकतो. त्यासाठी सहसा प्रत्येक मॉड्यूलचा सोर्स त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून ‘मॉड्यूल-सोर्स-पाथ’ हा पर्याय द्यावा लागतो. एखादे पॅकेज (मॉड्यूलमधला क्लासेसचा गट) ठरावीक मॉड्यूललाच खुले केले असेल, तर सुटे कंपाइल करताना ‘ते मॉड्यूल सापडले नाही’ अशी सूचना येऊ शकते. एकत्र कंपाइल केल्यास ती टळते. तरीही मेव्हन ३ आणि ग्रेडल सहसा प्रत्येक मॉड्यूलसाठी कंपायलर स्वतंत्रपणे चालवतात, कारण चाचण्या आणि जारही मॉड्यूलनिहाय असतात. शिवाय नेमके काय बदलले हे कळते: ग्रेडल ३.४ पासून मेथडच्या केवळ आतला कोड बदलला, तर तिच्यावर अवलंबून असलेली मॉड्यूल पुन्हा कंपाइल होत नाहीत.