टाकी फुल्ल, काटा पाऊण

मामांच्या जुन्या गाडीत टाकी काठोकाठ भरली तरी पेट्रोलचा काटा पाऊण टाकीपुढे सरकेना. गॅरेजवाला लांबूनच म्हणाला, "मीटर गेलं, अख्खं बदला." मामी म्हणाली, आधी लिंबू-मिरची बदला. दोन्ही निदानांत तपासणी सारखीच होती.

टाकीतल्या सेन्सरमध्ये दांड्याला फ्लोट असतो, फ्लशच्या टाकीतल्यासारखा. पेट्रोल उतरलं की दांडा कलतो आणि त्याची पत्ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून घासत सरकते. विजेच्या वाटेतला अडथळा, म्हणजे रोध, बदलतो. बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत भरलेल्या टाकीला तो 3 ओहमच्या आसपास असतो, रिकामीला 110 च्या.

खरी गंमत मीटरमध्ये आहे. अनेक जुन्या मीटरांत द्विधातू पट्टी असते, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली तीच. तिच्याभोवती तापणारी तार. रोध कमी, की प्रवाह जास्त, तार गरम. दोन धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते, काट्याला ढकलते. म्हणजे पेट्रोलचा काटा हा चक्क तापमापक! म्हणून तर तो घाटात नाचत नाही. पेट्रोल हिंदकळून फ्लोट खाली गेला, तरी पट्टी निवायच्या आत तो वर आलेला असतो. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 12 चे 14 व्होल्ट झाले तर 36 टक्के जास्त. म्हणून मध्ये व्होल्टेज कायम ठेवणारा स्थिरक लागतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तोही द्विधातू पट्टीचाच, उघडझाप करत सरासरी 10 व्होल्ट देणारा.

असो. मागची सीट उचलली. चावी बंद ठेवूनच सेन्सरची वायर काढून गाडीच्या पत्र्याला घट्ट जोडली (पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको), मग चावी फिरवली. वाटेत सेन्सरचा रोधच नाही, तेव्हा काटा थेट 'फुल्ल'कडे निघाला. लगेच चावी बंद. मीटर ठणठणीत, वायरही.

राहिला सेन्सर आणि त्याचं अर्थिंग, म्हणजे पत्र्याशी जोडणी. एका ठरावीक जागी काटा पडून पुन्हा सावरत असता, तर तार झिजली म्हटलं असतं. इथे फक्त भरलेली टाकी कमी दिसत होती. गंजाने 20 ओहम वाढवले तर 3 चे 23 होतात, म्हणजे जवळजवळ आठपट. 110 चे 130 झाले तर कुणाला कळतंय?

अर्थिंगच्या स्क्रूखाली गंजाचा पापुद्रा निघाला. पॉलिश पेपरने घासला, स्क्रू आवळला. मामांनी चावी फिरवली आणि लगेच ओरडले, "अरे, हलत नाहीये!"

म्हटलं, थांबा मामा, पट्टी तापू द्या.