परदेशी पाहुणचार स्वीकारण्यापूर्वी : लोकप्रतिनिधींसाठी पूर्वपरवानगीची अर्ज प्रक्रिया व कागदपत्रे

समजा, तासगाव तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्याला द्राक्षबागेची औषधे बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडून अभ्यासदौऱ्याचे निमंत्रण आले आणि विमानाच्या तिकिटापासून हॉटेलपर्यंतचा सारा खर्च कंपनीच करणार आहे. असा दौरा स्वीकारण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही अट केवळ आमदार-खासदारांसाठी आहे, हा समज चुकीचा आहे. परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, 2010 (इंग्रजी संक्षेपाने ‘एफसीआरए’) च्या कलम 6 मध्ये विधानमंडळाच्या सदस्यांचा उल्लेख आहे आणि या कायद्याच्या व्याख्येनुसार त्या शब्दात नगरपालिका, महानगरपालिका व पंचायतीही येतात. त्यामुळे सातारा जिल्हा परिषदेचा सदस्य, सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा नगरसेवक आणि लहानशा गावचा सदस्य या तिघांनाही ही अट सारखीच लागू होते. निवडून न आलेले राजकीय पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी कर्मचारी आणि सरकारी महामंडळांचे कर्मचारीही तिच्या कक्षेत येतात.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर ‘एफसी-2’ या नमुन्यात ऑनलाइन करावयाचा असून तो साधारणतः प्रस्थानाच्या दोन आठवडे आधी पोहोचला पाहिजे. सोबत यजमानाचे निमंत्रणपत्र जोडावे लागते, आणि दौरा एखाद्या शासकीय विभागाने पुरस्कृत केला असल्यास त्या विभागाची प्रशासकीय मंजुरीही लागते. पासपोर्टचा तपशील, भेटीचे देश व तारखा, दौऱ्याचा हेतू, पाहुणचाराचे स्वरूप आणि त्यावर होणारा अंदाजे खर्च ही माहिती अर्जात भरायची असते. निमंत्रणपत्रात ‘सर्व व्यवस्था आम्ही करू’ एवढेच मोघम लिहिलेले असेल, तर प्रवास, निवास व भोजन यांचा स्वतंत्र उल्लेख असलेले पत्र यजमानाकडून पुन्हा मागवून घेणे बरे.

अर्जदाराचा यजमानाशी काय संबंध आहे, हेही या अर्जात विचारलेले असते, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना हाच. ज्या कंपनीचा प्रस्ताव आपल्याच समितीपुढे येणार आहे, तिच्या खर्चाने फिरून आलेल्या सदस्याने नंतर त्याच प्रस्तावावर हात वर करणे मतदारांना पटणारे नाही. म्हणून हा संबंध येथे स्पष्ट शब्दांत लिहावा, आणि लिहिताना हात अडखळत असेल तर निमंत्रणच नाकारावे.

संपूर्ण खर्च स्वतः केल्यास ही परवानगी लागत नाही. परदेशात अचानक आजारी पडून परकीय यजमानाच्या खर्चाने तातडीचे उपचार घ्यावे लागले, तर पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र त्याची माहिती एका महिन्याच्या आत केंद्र सरकारला कळवावी लागते. कायद्याचे उल्लंघन झाल्यास कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

देशातल्या देशात मिळणाऱ्या पाहुणचारासाठी, उदाहरणार्थ गहुंजेच्या मैदानावरील सामन्याच्या फुकट तिकिटासाठी, हा अर्ज नाही. मात्र तेथे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 आहे आणि त्यातील लाभाची व्याख्या रोख रकमेपुरती मर्यादित नाही. ज्याचे काम आपल्या हाती आहे किंवा येण्याची शक्यता आहे, अशा व्यक्तीकडून मोबदला न देता अनुचित लाभ घेणे कलम 11 नुसार गुन्हा ठरू शकते. अशी तिकिटे घरपोच आली, तर ती लेखी पत्रासह परत पाठवून पोच जपून ठेवावी. नागरिकांना तक्रार करायची असल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री क्रमांक उपलब्ध आहे.