माणसं गेली, नळ राहिले

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. जानेवारीच्या रात्री तिथे पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत सहज उतरतो. घरं बहुतेक लाकडी, आणि तळघरात गॅसवर चालणारी एक भट्टी, घर उबदार ठेवणारी. राहणारं कुटुंब निघून गेलं, गॅसचं बिल थकलं, भट्टी विझली, की भिंतींमधल्या पाइपांतलं पाणी गोठायला लागतं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण पाइप बहुधा जिथे बर्फ झालाय तिथे फुटत नाही. बर्फाचं बूच जसजसं वाढतं, तसतसं ते बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी दाबलं जातं. त्याला कुठेच जायला वाट नसते. शेवटी पाइप तिथे उभा चिरतो. त्या रात्री काहीच दिसत नाही. मार्चमध्ये बर्फ वितळला की पाणी भिंतीतून, छतातून, जिन्यावरून दिवसच्या दिवस वाहत राहतं, आणि तो आवाज ऐकायला घरात कोणी नसतं.

घराला वावर लागतो, असं आपल्याकडे म्हणतात. कोकणातल्या बंद घराची कौलं दोन पावसाळे कोणी चाळली नाहीत, की वाशांना पाणी लागतं आणि मग वाळवीला आमंत्रण द्यावं लागत नाही. फ्लिंटमध्ये हेच काम बर्फ करतो. ओल्या भिंतींवर बुरशी चढते, फरशीच्या फळ्या फुगतात. एखाद्या रात्री भंगारवाले शिरतात आणि भिंती फोडून तांब्याचे पाइप आणि वायरी उपसून नेतात. त्यानंतर ते घर पुन्हा राहण्याजोगं करायचं, तर जवळपास नवं बांधण्याइतका खर्च येतो.

फ्लिंट एकेकाळी घोडागाड्या बनवणाऱ्यांचं गाव होतं. त्याच धंद्यातून पुढे मोटारी आल्या आणि १९०८ मध्ये जनरल मोटर्स कंपनीची स्थापना इथेच झाली. १९६० च्या जनगणनेत शहरात १,९६,९४० माणसं होती. २०२० मध्ये उरली ८१,२५२. कारखाने बंद पडले म्हणून माणसं गेली, असं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. ते खरं आहे, पण अर्धंच. कारखाने जोरात चालू होते तेव्हाच गोरी कुटुंबं नव्या उपनगरांकडे निघाली होती. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेनं अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे रंगवले होते. त्यात काळ्या लोकांच्या वस्त्यांना सर्रास लाल रंग मिळाला, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. जिथे कर्ज मिळत नाही तिथे छप्पर बदललं जात नाही, रंग लागत नाही. पुढे महामार्ग आले तेव्हा फ्लिंटमधल्या सेंट जॉन आणि फ्लोरल पार्क या काळ्या लोकांच्या वस्त्या त्यांच्या वाटेत आल्या आणि पाडल्या गेल्या. म्हणून ‘लोकांनी शहर सोडलं’ हे वाक्य वाचलं की मी जरा अडखळतो. कोणी सोडलं, आणि कोणाला सोडता येत नव्हतं?

आता मुद्द्याचं कोडं. माणसं निम्म्याहून कमी झाली, तर शहरही आकसून निम्मं का होत नाही? कपडा आटतो तसं सगळीकडून सारखं का आटत नाही?

एडवर्ड ग्लेसर आणि जोसेफ ग्युर्को या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये याचं जे उत्तर दिलं, ते ऐकल्यावर फारच उघड वाटतं: घरं टिकतात. शहराला मागणी आली की नवी घरं भराभर उठतात. मागणी गेली की घरं मात्र उठून चालू लागत नाहीत. शंभर माणसं निघून गेली तरी त्यांची तीस-चाळीस घरं जागेवरच. म्हणून शहर वाढतं झपाट्यानं आणि घटतं रेंगाळत. घरं जास्त आणि माणसं कमी, त्यामुळे किंमत इतकी कोसळते की ती विटा-लाकडाच्या खर्चाच्याही खाली जाते. स्वस्त घर बघून गरीब माणूस तिथे येतो किंवा तिथेच अडकून राहतो. नवं कोणी बांधत नाही. जुनं दुरुस्त करणंही आतबट्ट्याचं होतं. समजा, छप्पर बदलायला दहा हजार डॉलर लागतात आणि छपरासकट अख्ख्या घराचे कोणी आठ हजारही देत नाही. मग घरावर कितीही माया असली तरी मालक ते छप्पर बदलेल का?

तो बदलत नाही. घरपट्टीही भरत नाही. अमेरिकेत शाळा, पोलीस, रस्ते यांचा बराच खर्च घरपट्टीतून निघतो, म्हणजे एका रिकाम्या घराचा भार शेजारच्या भरलेल्या घरावर येतो. मिशिगनमध्ये पूर्वी थकीत घरपट्टीचे दावे सट्टेबाजांना विकले जायचे. ते बऱ्याचदा दूर कुठेतरी राहायचे आणि घर वर्षानुवर्षं लोंबकळत पडायचं. १९९९ च्या कायद्यानं ती पद्धत मोडली. तीन वर्षं पट्टी थकली की घर काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या कारभाराच्या, ताब्यात येऊ लागलं. फ्लिंट ज्या जेनेसी काउंटीत येतं तिथले खजिनदार डॅन किल्डी यांनी त्यासाठी ‘लँड बँक’ उभी केली. नाव बँक, पण ठेवी कसल्या, तर कोणालाच नको असलेल्या जमिनी. घर विकण्याजोगं असेल तर विकायचं, नसेल तर पाडायचं, आणि मोकळा प्लॉट शेजाऱ्याला अल्प किमतीत द्यायचा.

ओहायो राज्यातल्या यंग्सटाउननं याच्याही पुढचं धाडस केलं. हे पोलादाचं गाव. १९ सप्टेंबर १९७७ ला, सोमवारी, यंग्सटाउन शीट अँड ट्यूब कंपनीनं आपला कॅम्पबेल कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं आणि सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. गावात त्या दिवसाला अजून ‘काळा सोमवार’ म्हणतात. १९३० मध्ये १,७०,००२ लोकवस्ती असलेल्या या शहरात २०२० मध्ये ६०,०६८ माणसं होती. २००५ मध्ये शहरानं ‘यंग्सटाउन २०१०’ नावाचा आराखडा मंजूर केला. त्यात म्हटलं होतं की आपण लहान शहर आहोत आणि लहानच राहणार आहोत. नगररचनेच्या आराखड्यात वाढीचं स्वप्न नसणं ही केवढी मोठी गोष्ट, ते कोणत्याही महानगरपालिकेचा विकास आराखडा वाचलेल्याला कळेल. जवळपास ओस पडलेल्या गल्ल्यांतल्या शेवटच्या रहिवाशांना दुसरीकडे जाण्यासाठी शहरानं पैसेही देऊ केले. फारसं कोणी हललं नाही. आराखड्याला रिकामी गल्ली दिसत होती, तिथल्या म्हातारीला आपलं घर दिसत होतं.

त्यामुळे अशा गावाचा नकाशा दाणे गळालेल्या कणसासारखा दिसतो. इथे एक घर, मग चार प्लॉट गवत, मग दोन घरं, त्यातल्या एकाच्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं. मोकळ्या प्लॉटवर एक झाड हमखास उगवतं. ते मूळचं चीनचं, आपल्याकडच्या महारुखाचा सख्खा चुलतभाऊ, पाडकामाच्या राबिटातही वर्षाला माणसाहून उंच वाढणारं. पडक्या वास्तूंचे कलात्मक फोटो काढायला लांबून येणाऱ्यांना हे झाड फार आवडतं. शेजारी राहणाऱ्यांना नाही. त्या उंच गवतात आणि झाडोऱ्यात कोणी काय टाकलंय, कोण लपलंय, ते दिसत नाही.

ही नुसती भीती नाही, हे तपासून पाहिलं गेलंय, तेही औषधाची चाचणी घेतात त्या पद्धतीनं. फिलाडेल्फिया हे काही लहान शहर नाही, पण चार्ल्स ब्रानस, युजीनिया साउथ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले ५४१ ओसाड प्लॉट निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटात कचरा काढला, हिरवळ आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. आत जायला वाट मुद्दाम ठेवली. दुसऱ्यात फक्त साफसफाई. तिसरा होता तसाच. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांमध्ये सुधारलेल्या प्लॉटभोवतीचा बंदुकीचा हिंसाचार सुमारे २९ टक्क्यांनी घटला. हिरवळ केलेल्या प्लॉटजवळ राहणाऱ्यांत मन उदास असल्याचं सांगणारे ४० टक्क्यांहून अधिक कमी झाले. नुसता कचरा उचलल्यानं मनावर असा परिणाम दिसला नाही.

फ्लिंटमध्ये तर यंत्रणाही बाहेरून आणली नाही. गल्लीतली मंडळं, चर्चचे गट लँड बँकेकडून थोडं मानधन घेऊन प्लॉटवरचं गवत कापतात. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तुलना केली तेव्हा अशा प्लॉटांच्या आसपास हल्ले आणि हिंसक गुन्हे सुमारे ४० टक्के कमी आढळले. फुटक्या खिडकीनं गुन्हे वाढतात आणि म्हणून पोलीस वाढवा, हा १९८२ पासूनचा गाजलेला युक्तिवाद. हे संशोधक त्याऐवजी ‘गजबजलेल्या रस्त्या’बद्दल बोलतात. माणूस गवत कापायला बाहेर येतो, शेजारी कठड्यावर टेकून गप्पा मारतो, आणि रस्त्यावर कोणाचं तरी लक्ष राहतं. मला हे जास्त पटतं.

पण गवत जमिनीवरचं. जमिनीखाली जे उरलं त्यावर कात्री चालत नाही. फ्लिंटच्या जलवाहिन्या दोन लाख माणसांच्या आणि पाणी पिणाऱ्या कारखान्यांच्या हिशेबानं टाकलेल्या. रुंद पाइपात मागणी थोडी, म्हणजे पाणी सावकाश सरकतं, दिवसच्या दिवस आत मुरतं. दरम्यान त्यातलं जंतू मारणारं क्लोरीन संपत जातं. पाइपांची देखभाल मात्र तेवढीच, आणि पैसे भरणारे कमी, म्हणून फ्लिंटची पाणीपट्टी देशातल्या सगळ्यात महागड्यांपैकी एक झाली. राज्यानं नेमलेल्या प्रशासकाच्या काळात, पैसे वाचवायला, एप्रिल २०१४ मध्ये शहरानं डेट्रॉइट शहराकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं घेतलं. हे पाणी धातू जास्त खाणारं होतं. पाइपांच्या आत संरक्षक थर धरून ठेवणारं फॉस्फेट त्यात घातलंच नाही. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सनं आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणं बंद केलं, कारण सुटे भाग गंजत होते. माणसं मात्र आणखी वर्षभर तेच पाणी पीत होती. गंजानं उरलंसुरलं क्लोरीनही खाल्लं. जुन्या जोडण्यांतलं शिसं पाण्यात उतरलं. २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीर केले, तेव्हा कुठे गोष्ट हलली.

डेट्रॉइटचं पाणी परत आलं, फॉस्फेट आलं. पण तो थर पुन्हा बसायचा आणि सुटलेले शिशाचे कण धुऊन निघायचे तर पाइपांतून पाणी जोरात वाहायला हवं, आणि तेवढं वापरायला माणसंच नव्हती. मे २०१६ मध्ये राज्य सरकारनं फ्लिंटकरांना विनंती केली की दोन आठवडे रोज न्हाणीघरातला आणि मग स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ पाच-पाच मिनिटं पूर्ण सोडून ठेवा, पाण्याचे पैसे आम्ही भरू. ज्यांच्या गल्लीत दहापैकी सहा घरांच्या खिडक्यांवर प्लायवूड होतं, त्यांनी उरलेल्या चार घरांतले नळ सोडले.