मॅट कागदावर छापला म्हणून फोटो फाइन आर्ट प्रिंट होत नाही

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा फोटो हॉलमध्ये लावायचा म्हणून परवा मैत्रिणीने दोन कोटेशनं दाखवली. फोटो तोच, साइज तीच, एकाची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ पाचपट, आणि दोन्हीवर लिहिलेलं काय तर 'फाइन आर्ट प्रिंट'. तिने विचारलं, महागवाला लुटतोय का गं? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

लॅबचा फोटो सगळ्यांना माहितीये. लग्नाच्या अल्बममधला, प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावरचा, ग्लॉसी नाहीतर मॅट. त्यात सांगण्यासारखं काही नाही, चांगला असतो, स्वस्त असतो, अल्बममध्ये बंद राहिला की वर्षानुवर्षं टिकतो.

आता फाइन आर्ट प्रिंट, म्हणजे चित्रासारखा भिंतीवर लावायचा आणि टिकावा म्हणून काढलेला प्रिंट, म्हटलं की लोक काय बघतात, तर मॅट फिनिश, जाड कागद, कॅनव्हास, कोपऱ्यातली पेन्सिलची सही आणि २/२५ असा आकडा. फिनिश ही आवडीची गोष्ट. जाडी हाताला बरी वाटते, बास. आकडा सांगतो की प्रती किती काढणार, प्रत कशाने काढली ते नाही. आणि कॅनव्हासबद्दल माझं मत पक्कं आहे, मंदिराच्या फोटोला कॅनव्हास लावूच नका, कापडाची वीण दगडाच्या कोरीवकामावर चढून बसते आणि बारीक नक्षी सगळी मरते.

खरा फरक शाईत आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच सगळे इथे फसतात. शाई दोन प्रकारची, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे घट्ट रंगाचे अतिबारीक कण, पाण्यात नुसते तरंगत ठेवलेले. साडीवर हळदीचा डाग पडला की आपण ती धुऊन उन्हात टाकतो आणि डाग उडतो, कारण विरघळलेल्या रंगाचा सुटा सुटा रेणू उजेडात तुटतो. तुळशीवृंदावनाला लावलेला गेरू मात्र त्याच उन्हात वर्षभर असतो, तो पावसाने झिजेल, उन्हाने उडणार नाही, कारण कणाच्या वरच्या थराला उजेड लागला तरी आतला रंग शाबूत राहतो. डाय हळदीसारखा, पिगमेंट गेरूसारखं. सगळीच पिगमेंटं गेरूइतकी दणकट नसतात हे खरं, पण भिंतीवर लावायच्या प्रिंटसाठी दोघांत तुलनाच नाही. डायला तर हवेतला ओझोनसुद्धा पुरतो, ऊन नसलं तरी रंग उतरतो. लॅबच्या फोटोतला रंगही डायच, फक्त तो कागदावरच्या थरातच तयार होतो.

आणि पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात! ग्लॉसी कागदावर तर डायच कधीकधी जास्त खुलतो. भिंग लावलं तर छापील पोस्टरचे ठिपके फुलांसारखे गोल रचलेले दिसतात, लॅबच्या फोटोत ठिपके नसतातच, इंकजेटचे फवाऱ्यासारखे विखुरलेले असतात, पण त्या फवाऱ्यात डाय आहे की पिगमेंट हे भिंग सांगत नाही.

इंकजेटवर काढलेले आर्ट प्रिंट 'जिक्ले' या नावानेही विकतात, तो शब्द बघून पैसे मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हा शब्द १९९१ मध्ये जॅक डुगान या प्रिंटमेकरने काढला, फवारा मारणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून, आणि तेव्हा आयरिस नावाच्या ज्या इंकजेट प्रिंटरवर हे काम चालायचं त्याची शाई डायच होती, प्रिंट पटकन फिकट व्हायचे. म्हणजे जिक्ले लिहिलंय यावरून टिकाऊपणाचं काहीच सिद्ध होत नाही.

मी स्वतः यात पोळलेय. एका वाड्याच्या दिंडी दरवाजाचा प्रिंट घेतला होता, जाड मॅट कागद, सही, नंबर सगळं होतं. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला. चार वर्षांनी फ्रेम उघडली तर माउंटखाली, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेल्या बोटभर कडेला सागवानाचा तांबूस रंग जसाच्या तसा आणि बाकी दरवाजा हिरवट राखाडी. ती कड बघून मला रडू आलं होतं.

कागदाचंही थोडं. शंभर टक्के कॉटनचा हवा, हानेम्यूले या जर्मन कंपनीचा ३०८ ग्रॅमचा (एका चौरस मीटरचं वजन) 'फोटो रॅग' नावाचा कागद साधारण सगळीकडे मिळतो. पांढराशुभ्र चमकणारा कागद मागू नका, ती चमक ब्राइटनरची, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या रसायनाची असते, ब्राइटनर उतरला की कागद पिवळट दिसायला लागतो.

गोंदेश्वर काळ्या बेसॉल्टचं आहे, त्यामुळे अजून एक निवड येते. मॅट कॉटनवर काळा रंग तितका गडद दिसत नाही, बरायटा कागदावर (बेरियम सल्फेटचा थर दिलेला, किंचित चमक असलेला कागद) दिसतो. शिखरावर ओळीने चढत जाणाऱ्या छोट्या छोट्या शिखरांवर सकाळचं ऊन पडलंय असा फोटो असेल तर मी मॅटच घेईन, दगडाचा खरखरीतपणा त्यातच येतो. मंडपाच्या आतला, अंधारात खांब उभे असलेला फोटो असेल तर बरायटाच. पिगमेंट प्रिंटरला मॅट आणि फोटो असे दोन वेगळे काळे असतात, कागदाप्रमाणे योग्य काळा आणि योग्य प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरवायचे हे प्रिंटरला सांगणारी फाइल) लावलं नाही तर सगळा अंधार चिखलासारखा दिसतो.

मैत्रिणीला म्हटलं दोघांना फक्त तीन गोष्टी विचार, प्रिंटर कुठला, शाई डाय की पिगमेंट, कागदाचं पूर्ण नाव काय. स्वस्तवाला म्हणाला, मॅडम, इंपोर्टेड पेपर आहे. दुसऱ्याने मॉडेल, शाई, कागद तिन्ही लिहून पाठवलं आणि वर सांगितलं की फ्रेम करताना मधे माउंट टाकाच, पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटला की सोडवता येत नाही. तिने तिथेच ऑर्डर दिली.