मान ताठ ठेवली की पुढचे दात सरळ होतात?

‘मोबाइलवर वाकून दात वाकडे होतात, मान ताठ ठेवा, आपोआप सरळ होतील’ असा मेसेज बऱ्याच काळापासून फिरतोय. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो.

घरीच बघा. ताठ बसून दात हलकेच टेकवा. मग डोकं मागे झुकवून, नंतर हनुवटी छातीकडे नेऊन पुन्हा दात टेकवा. दात दरवेळी थोडे वेगळ्या जागी टेकतात. कारण मानेबरोबर खालचा जबडा मागेपुढे सरकतो. दात हिरडीत होते तिथेच असतात.

दात सरकायला रोज कित्येक तास, महिनोन्‌महिने हलका दाब लागतो: अंगठा चोखणं, जिभेचा रेटा, तारा. बाकी बरंचसं आनुवंशिक. मान ताठ जरूर ठेवा, पण मानेसाठी.